आधी गाडी तापली की आधी पाणी गेलं?

मे महिन्यातली दुपार. धुळ्यात पारोळा चौफुलीकडून एक ट्रक आला आणि आमच्या गॅरेजसमोर उभा राहिला. सावद्याहून वाशीला निघालेली केळी. ड्रायव्हर खाली उतरला तो रिकामा कॅन हातात घेऊनच. म्हणाला, "नाना, गाडी पानी पी ऱ्हायनी. पन ते पानी जास कथा, तेच समजत नही." म्हणजे पाणी जातं कुठं, तेच कळत नाही. एरंडोलपासून इथवर त्यानं आठ लिटर पाणी घातलं होतं, आणि ट्रकखाली एक थेंब पडलेला नव्हता.

केबिनमध्ये बिलांची चळत होती. नवा रेडिएटर, नवी वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), थर्मोस्टॅट वॉल (रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला, आणि पंधरा दिवसांपूर्वी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून त्याखालचं गॅसकिटही (सांधा बंद ठेवणारी पट्टी) बदललेलं. सगळं नवं, दुखणं तेवढं जुनं. त्यात काय निघालं ते सांगतो, पण जरा दमानं. कारण आधी ही गाडी बघितलेल्या तिन्ही मिस्त्रींनी एक प्रश्न विचारलाच नव्हता, आणि या सगळ्या भानगडीत तोच प्रश्न मुख्य आहे.

पाणी कमी झालं म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून पाणी उकळून बाहेर गेलं?

दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो. काटा लाल पट्टीत, बॉनेटखालून वाफ, रेडिएटर रिकामा. पण पहिल्या प्रकारात कुठेतरी भोक असतं आणि ते शोधायचं असतं. दुसऱ्यात भोक नसतंच, उष्णता बाहेर पडायची वाट बुजलेली असते. पहिल्या प्रकारच्या गाडीला नवा रेडिएटर बसवला तर पैसे वाया, आणि दुसऱ्या प्रकारच्या गाडीचं हेड उघडलं तर पैसेही वाया आणि चांगलं बसलेलं इंजिनही विस्कटलं.

म्हणून मी ड्रायव्हरला पहिलं हेच विचारतो: काटा वर चढायच्या आधी कधी पाणी कमी दिसलं होतं का? सकाळी गार गाडीत पातळी बघितली होती का? शंभरातले नव्वद जण म्हणतात, "बघितली नाही, पण असेल बरोबर." तिथंच घोडं अडतं.

आता थोडं इंजिनाच्या पोटात शिरू. डिझेल जळून जेवढी उष्णता तयार होते, तिच्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो. बाकीची काही सायलेन्सरमधून धुरासोबत जाते, काही पाण्यात उतरते. ती पाण्यातली उष्णता वॉटर बॉडी ढकलत रेडिएटरकडे नेते आणि तिथं पंख्याचा वारा ती घेऊन जातो. एवढाच खेळ. पण ते पाणी उकळायच्या बेताला येऊनही उकळत नाही, ते कशामुळे? रेडिएटरच्या झाकणामुळे.

घरचा कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं. कुकरची शिट्टी साधारण एक किलोचा दाब धरते, म्हणून आत पाणी १२० अंशांपर्यंत जाऊनही पाणीच राहतं आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण ही तीच शिट्टी. त्यावर दाबाचा आकडा कोरलेला असतो. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर फाटलं की दाब धरत नाही, पाणी १०० च्या आसपासच उकळायला लागतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. ती वाफ स्वतः तर जातेच, जाताना पुढचं चांगलं पाणीही ढकलून ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर घालवते. दुसऱ्या कुठल्या गाडीचं झाकण फिरवून बसवलं की बसतंही आणि घट्टही वाटतं. दाब मात्र भलताच असतो. असल्या झाकणापायी हेडपर्यंत गेलेली गाडी मी एकदा पाहिली आहे. सगळ्यात स्वस्त पार्ट सगळ्यात शेवटी बदलायची आपली सवय मोठी महागडी.

थर्मोस्टॅटचंही सांगून टाकतो. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की उघडायला लागतो. आपल्याकडे मे उजाडला की मिस्त्री म्हणतो, "वॉल काढून टाक भाऊ, गाडी गार राहील." काही इंजिनांत नेमकं उलटं होतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तो खालची बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाटही बंद करतो. तो काढला की बायपास सताड उघडा राहतो, पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथं गोल फिरतं आणि घाटात गाडी आणखी तापते. हिवाळ्यात तीच गाडी नको तेवढी गार चालते, डिझेल जास्त खाते, लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते नळकांडं) झिजवते. केळीच्या ट्रकचा वॉल मी पहिल्याच दिवशी परत बसवला.

आणि आपला उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता फेकेल ते पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंश, पाणी ९०. फरक ७५. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा फरक उरतो ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि काम हिवाळ्याच्या साठ टक्के. हिवाळ्यात जी कमतरता झाकलेली असते ती उन्हाळ्यात घाटात उघडी पडते. सुरतेकडून माल भरून आलेली गाडी विसरवाडी सोडून कोंडाईबारीच्या चढाला लागली, किंवा शिरपूरकडून जाणारी बिजासन घाटात शिरली, की कुणाचा रेडिएटर अर्धा बुजलाय ते कळून येतं. ड्रायव्हर म्हणतो, "काल तर चांगली होती." काल ती बिघडलेलीच होती, फक्त सपाटीवर होती.

गार गाडी, सकाळी सहा

तपासणीची वेळ हीच. रात्रभर उभी राहिलेली गाडी, हात लावला तर गार. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात-चेहरा भाजतो. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

झाकण उघडून पाणी काठोकाठ भरायचं आणि किती लिटर लागलं ते लिहून ठेवायचं. वहीत लिहा, नाहीतर दाराच्या पत्र्यावर खडूनं लिहा. तारीख, किलोमीटर, लिटर. "खूप पितेय" आणि "तीनशे किलोमीटरला दोन लिटर" या दोन वाक्यांतल्या फरकानं मिस्त्रीचा एक दिवस वाचतो.

मग इंजिन सुरू करायच्या आधीच वरून खाली नजर. पाण्याच्या होजच्या (रबरी पाइपांच्या) क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, इंजिनाच्या ब्लॉकच्या अंगावरचे गोल पत्र्याचे प्लग, आणि वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून टपकावं म्हणून. कितीतरी लोक ते भोक एम-सील लावून बुजवतात. म्हणजे पेशंटनं खोकू नये म्हणून तोंड बांधण्यातला प्रकार.

थेंब दिसला नाही म्हणून गळती नाही असं धरू नका. चालत्या गाडीत गरम ब्लॉकवर पडलेला थेंब जागेवरच वाळतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. पण तो खूण सोडतो. बोअरचं पाणी असेल तर पांढरी पापडी, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं रसायन) असेल तर हिरवट किंवा गुलाबी थर. हात काळे करून ती पापडी शोधायची. काही गळत्या तर गार असतानाच गळतात आणि गरम झाल्यावर धातू फुगून बंद होतात. दुपारी गॅरेजला आलेल्या गाडीत त्या सापडणार नाहीत.

ज्याच्याकडे दाब द्यायचा हातपंप आहे त्यानं तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्यावा आणि वीस मिनिटं काटा बघत बसावं. जास्त दाब देऊ नये, चांगला पाइपही फुटतो. काटा जागेवर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे आधी तापणाऱ्या गाडीची तपासणी वेगळी. तिथं मला कापसाची एक गाडी कायम आठवते. सरकी आणि गाठी ओढणारा ट्रक, हिवाळाभर जिनिंगच्या आवारात उभा राहायचा. मार्चपासून तापायला लागला. रेडिएटर समोरून चकचकीत, कारण क्लिनर रोज पाणी मारायचा. पण आताच्या टर्बो गाड्यांत रेडिएटरच्या पुढं इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) असतो, आणि नव्या एसी केबिनच्या गाड्यांत बहुतेक वेळा एसीचा कंडेन्सरही. पाणी मारलं जात होतं ते इंटरकूलरवर. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत पंख्यानं ओढलेली रुई, धूळ आणि तेलाचा अंश मिळून गोधडीसारखा थर जमला होता. वरचे बोल्ट ढिले करून इंटरकूलर पुढे झुकवला तर अख्खा पापुद्राच हातात आला. त्या मालकानं हेडचं काम करायला पैसे बाजूला काढून ठेवले होते. केळी वाहणाऱ्या गाडीत तीच करामत वाळकी पानं करतात. धुताना पाण्याचा झोत इंजिनाकडून बाहेर मारायचा, घाण जिकडून आली तिकडे जाते. प्रेशर वॉशर अगदी जवळ धरला तर पत्र्याच्या जाळ्या आडव्या होतात, आणि मग धुतलेला रेडिएटरही वारा सोडत नाही.

पंख्याचंही बघायचं. बऱ्याच ट्रकांचा पंखा सरळ पट्ट्याला जखडलेला नसतो, मध्ये घट्ट तेलाचा क्लच असतो. गरम झालं की तो पकडतो आणि पंखा गरजायला लागतो. इंजिन गरम असताना बंद करा, चावी काढून खिशात टाका आणि पंखा हातानं फिरवा. अडून अडून फिरला तर ठीक. जत्रेतल्या भिरभिरीसारखा सुटला तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं काढून फेकलेलं असेल तर परत बसवा, त्याच्याशिवाय पंखा आजूबाजूचीच गरम हवा ढवळत बसतो.

वरचा पाइप आणि खालचा पाइप यांची तुलना करा, हातात धरायचं लेझरचं तापमापक आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. वरचा चांगलाच तापलेला आणि खालचा जवळजवळ गार, म्हणजे पाणी रेडिएटरमधून वाहतच नाही: वॉल अडकला, नाहीतर आतून क्षार बसून नळ्या बुजल्या. दोन्ही जवळपास सारखेच तापलेले, म्हणजे पाणी वाहतंय पण वारा उष्णता नेत नाही. इंजिनाचा वेग वाढवल्यावर खालचा पाइप चपटा होत असेल तर रेडिएटर बुजलाय किंवा पाइपातली स्प्रिंग सडली.

थेंब नाही, मग पाणी गेलं कुठं?

बाहेर गळत नाही, वारा नीट आहे, आणि वहीतले लिटर मात्र वाढतायत. आता आतल्या वाटा. ऐंशी टक्के मिस्त्री इथं "हेड गॅसकिट" म्हणून मोकळे होतात. असेलही. पण ट्रकमध्ये पाणी आत जायच्या वाटा चार-पाच आहेत आणि हेड उघडणं त्यातली सगळ्यात खर्चिक.

चेंबरपासून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीपासून सुरू करतो. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते तळाशी जाऊन बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता खालचा नट अगदी हळू ढिला करायचा, काढायचा नाही. आधी पाणी आलं आणि मागून तेल, तर उत्तर मिळालं. तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर तेच. अशी गाडी "गावापर्यंत नेतो" म्हणून चालवू नका, पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगला वाचवत नाही. नुसत्या तेल भरायच्या झाकणाला आतून पिवळट साय दिसली म्हणून घाबरूही नका. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती हवेतल्या ओलीनंही धरते.

उलट पाण्यात तेल आलं, टाकीत काळा लोण्यासारखा गोळा तरंगतोय, तर माझा पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे पाण्यानं तेल गार करणाऱ्या पार्टवर. चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून कूलर आतून फुटला की तेल पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्य, पण गरम पाण्याचा दाब अजून टिकून असतो, मग पाणी तेलात येतं. हेड न उघडता ऑइल कूलर काढून तपासता येतो.

पांढरा धूर, तोही गाडी पूर्ण गरम झाल्यावर, आणि त्याला गोडसर वास: पाणी सिलिंडरमध्ये किंवा धुराच्या वाटेवर जळतंय. ज्या बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांच्या) गाड्यांना ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर पाण्यानं गार करणारा पार्ट आहे, तिथं तोही पाणी पितो. चेंबरचं तेल स्वच्छ, बुडबुडे फारसे नाहीत आणि पाणी गायब, तर तो आधी उतरवा. तोंडं बंद करून आतल्या पाण्याच्या वाटेत दाबाची हवा द्या आणि पिंपात बुडवा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. भोक असेल तर बुडबुडे सांगतात.

एक धोक्याचं. सकाळी स्टार्टर मारला आणि इंजिन "ठक्" करून अडलं तर पुन्हा पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याच क्षणी थांबलं तर काम गॅसकिटवर भागू शकतं. चौथ्यांदा स्टार्टर मारल्यावर अर्धं इंजिन.

आता हेड गॅसकिट. ते गेलं किंवा हेडला तडा गेला की जळलेला गॅस पाण्यात घुसतो. गार इंजिन सुरू केलं आणि दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर पाणी गरम व्हायच्या आधी हा दाब आला कुठून? गॅसचाच. ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत सोडून बघायचं. नुकतं पाणी भरलेल्या गाडीत अडकलेली हवाही बुडबुडे काढते, पण ती थोड्या वेळानं संपते. गॅसचे बुडबुडे संपत नाहीत, इंजिनाचा वेग वाढवला की वाढतात, आणि पाण्यावर डिझेलच्या धुराचा वास आणि काजळीचा तवंग धरतात. बाजारात एक निळं औषध मिळतं, धुराच्या गॅसनं पिवळं होणारं. पेट्रोल गाडीत ते पक्कं. डिझेल नुसतं उभ्या उभ्या चालू असताना धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून निळं राहिलं तरी गॅसकिट चांगलं आहे असं समजू नये. गाडीनं भार ओढून आल्यावर लगेच केलेली परीक्षा जास्त भरवशाची.

आता केळीचा ट्रक. माल दुसऱ्या गाडीत पलटी करून पाठवला आणि हा रात्रभर उभा ठेवला. सकाळी झाकण उघडून, पाणी भरून इंजिन सुरू केलं. बुडबुडे ढसाढसा. आधीच्या मिस्त्रीनं हेच बघून हेड उघडलं होतं, त्याची फार चूक म्हणता येणार नाही. पण पंधरा दिवसांत नवं गॅसकिट परत जावं हे काही मनाला पटेना. मी ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवलं आणि म्हटलं, "दादा, हवेच्या मीटरकडे बघत राहा, मोठ्यानं आकडे सांगा."

पाच किलो. बुडबुडे. सहा. बुडबुडे. सात. आठच्या आसपास टाकी भरली, फुस्स करून हवा सुटली, आणि बुडबुडे थांबले. पाणी तळ्यासारखं शांत. इंजिन तसंच चालू.

"आता ब्रेक मारा. दहा-बारा वेळा." हवा उतरली, कॉम्प्रेसर परत कामाला लागला, आणि परत बुडबुडे.

एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्यानं गार होतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्याच्या छोट्या डोक्याखालीही एक गॅसकिट असतं. ते फाटलं होतं. कॉम्प्रेसर आठ किलोची हवा थेट पाण्यात सोडत होता, ती हवा पाणी ओव्हरफ्लोतून चालत्या गाडीत रस्त्यावर उडवत होती, आणि पाणी कमी झालं की काटा चढत होता. म्हणजे आधी पाणी, मग ताप. हवेच्या टाकीचा खालचा वॉल ओढला तर त्यातूनही हिरवट पाणी निघालं, कारण इंजिन बंद झालं की उरलेला दाब उलट्या वाटेनं जातो. मोठ्या हेडच्या गॅसकिटला ब्रेकच्या पायट्याशी काही देणंघेणं नसतं, एवढ्यावरून फरक कळला. तीन तासांचं काम. त्या चळतीतली सगळी बिलं पाहून ड्रायव्हर मालकाला फोन लावायलाच तयार होईना. शेवटी मी बोललो.

बोअरचं पाणी

दुसरी एक गाडी आली होती, तिचं दुखणं वेगळं आणि आपल्या भागातलं. सहा महिने थोडं थोडं पाणी चेंबरमध्ये. हेडचं काम दोनदा झालेलं. आम्ही चेंबर खोलून पाण्याला दाब दिला आणि खाली झोपून टॉर्चनं वर बघत राहिलो. चौथ्या लायनरवरून थेंब ओघळला. लायनर बाहेर काढला तर बाहेरच्या अंगाला एका पट्टीत छिद्रंच छिद्रं, किडलेल्या हरभऱ्यासारखी. त्यातलं एक आरपार.

हे किडे कोणते? बहुतेक ट्रक इंजिनांत लायनर बाहेरून थेट पाण्यात उभा असतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ९०० स्फोट, सेकंदाला पंधरा. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरला आतून धक्का देतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. त्या थरथरीनं बाहेरच्या पाण्यात बारीक बारीक बुडबुडे जन्मतात आणि तिथंच फुटतात. प्रत्येक फुटणं म्हणजे लोखंडावर सुईच्या टोकाचा घाव. चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि तो घाव झेलतात. साध्या पाण्यात झेलायला कुणी नसतं.

म्हणून जेव्हा शेठ विचारतात, "नाना, धुळ्यात कुठं बर्फ पडतो? कूलंट कशाला?" तेव्हा मी त्यांना तो लायनर दाखवतो, जपून ठेवलाय. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठू देत नाही, त्याचा आपल्याला उपयोग नाही, खरं आहे. ते उकळणं थोडं लांबवतं, तेही ठीक. खरे पैसे आपण मोजतो ते गंज, क्षार आणि लायनर वाचवणाऱ्या रसायनांचे, आणि ती रसायनं कालांतरानं संपतात, म्हणून पाणी स्वच्छ दिसलं तरी ठरलेल्या मुदतीत बदलायचं. तापीकाठच्या बोअरच्या पाण्यानं घरातल्या भांड्यांवर पांढरा थर बसतो, तो आपण चिंचेनं घासतो. रेडिएटरच्या नळ्यांत आत हात घालून कोण घासणार? कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला, प्रमाण गाडीच्या पुस्तकात असेल तेच ठेवा, आणि हिरव्यात गुलाबी ओतू नका. रंगावरून आतली रसायनं ओळखता येत नाहीत, आणि न जुळणारी एकत्र आली की गाळ होतो.

रस्त्यात काटा चढायला लागला तर गिअर उतरवा. वरच्या गिअरवर इंजिन कुंथत चढवलं की उष्णता भरपूर आणि पंखा-पंप मात्र हळू. तरीही चढत असेल तर बाजूला घ्या. टाकीत पाणी दिसत असेल तर दोन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता फिरून बाहेर पडते. पाणीच नसेल तर तत्काळ बंद. आणि लाल पट्टीत गेलेला काटा एकाएकी खाली आला तर सुटलो असं समजू नका. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा लटकतो आणि भलताच आकडा दाखवतो. त्या खोट्या आकड्यावर आणखी दहा किलोमीटर गेलेल्या गाड्यांचे पिस्टन आम्ही काढलेत. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. अर्धा-पाऊण तास सावलीत बसा, चहा घ्या, मग जाड फडक्यानं झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून दाब जाऊ द्या.

हेड उघडायची वेळ आलीच तर घाईनं गॅसकिट बदलून बंद करू नका. पट्टी ठेवून हेड वाकलंय का बघा, लेथवाल्याकडून दाबाची परीक्षा करून घ्या, लायनर ब्लॉकच्या वर पुस्तकात सांगितलंय तेवढा आलाय का मोजा. लायनर खाली बसलेला असेल तर तुम्ही सोन्याचं गॅसकिट घाला, ते जाणारच. बोल्ट टॉर्क पान्यानं, ठरलेल्या क्रमानं. "हाताला अंदाज आहे" म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याच्या हातात टॉर्क पाना द्या.

आणि काढलेलं कूलंट गॅरेजमागच्या गटारात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री चाटतात आणि मरतात, पोरांच्या हाती लागायचीही भीती. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर लाल रंगानं "विष" लिहितो. तसं लिहायच्या आधी एक क्लिनर तो कॅन पाण्याचा समजून उचलून घेऊन चालला होता.